सफरचंदाच्या वासाची काडतुसं

लेलंड ट्रॉटमनने काडतुसं करायला घेतली ती सासऱ्यांसाठी. यातला 'साठी' हा शब्द महत्त्वाचा आहे. पुढे गावात ज्या वावड्या उठल्या त्यांत हा 'साठी' कुठेतरी गळून पडला आणि नुसतं 'सासरे' आणि 'काडतुसं' एवढंच उरलं. न्हावी तर म्हणे गिऱ्हाइकांना सांगत होता की इतकी वर्षं सोसल्यावर कुणाचाही संयम सुटेल. पण लेलंडचा संयम सुटलेला नव्हता. तो विमा कंपनीच्या ऑफिसात काम करायचा, आणि संयम हेच तिथलं मुख्य भांडवल होतं.

सासरे म्हणजे हार्लन फेंटन. ऐंशी उलटलेली, जन्म ट्रकांचे ब्रेक दुरुस्त करण्यात गेलेला आणि आवाज अजूनही गॅरेजमधला. दर गुरुवारी सकाळी ते आपल्या वडिलांचं जुनं रिव्हॉल्वर घेऊन जोलीनच्या शूटिंग रेंजवर जायचे. ही रेंज म्हणजे गावातली बंद पडलेली बोलिंगची इमारत. जिथे पूर्वी चेंडू घरंगळायचे तिथे आता गोळ्या जायच्या. बाकी बाकडी, कॉफीचं मशीन आणि बसणारी म्हातारी मंडळी तीच. हार्लनच्या गुरुवारात नेमबाजी चवीपुरती असायची, उरलेल्या वेळात अख्ख्या ओहायो राज्याची उणीदुणी काढली जायची.

गेल्या हिवाळ्यात टपालपेटीपाशी बर्फावर हार्लन घसरले आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण रिव्हॉल्वर उडवलं की झटक्याने कोपरापर्यंत कळ जायची. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा रिव्हॉल्वर कपाटात ठेवून दिलं आणि रेंजवर जाणंच बंद केलं. नुसतं जाऊन बसा, असं सगळ्यांनी सांगितलं. त्यावर हार्लनचं म्हणणं असं, की नाचता येत नसलेल्या माणसाने लग्नाच्या मांडवात खुर्च्या मोजत बसू नये.

आता गुरुवार मोकळा झाला म्हटल्यावर माणसाने जायचं कुठे? लेकीकडे. आणि लेलंडचं ऑफिस शनिवारी उघडं असल्यामुळे त्याची सुट्टी नेमकी गुरुवारी. बायको कोरीन त्या दिवशी शाळेच्या ग्रंथालयात कामाला. म्हणजे घरात सासरे आणि जावई दोघंच. हार्लन सकाळी येत, लेलंडच्या आरामखुर्चीत पाय लांब करून बसत आणि टीव्हीवर हवामानाच्या बातम्या लावत. ज्या राज्यांत त्यांचं कुणीही नव्हतं तिथल्या पावसाचीही त्यांना काळजी असे. मधूनच खिडकीबाहेर बघून म्हणत, "गवत वाढलंय." थोड्या वेळाने, "पन्हळ गळतेय." लेलंड स्वयंपाकघरातल्या लाकडी स्टुलावर बसून पेपर वाचायचा. सहा महिने असे गुरुवार काढल्यावर कुणालाही परोपकाराची कल्पना सुचली असती.

कल्पना साधी होती. मनगटाला सोसतील अशी कमी जोराची काडतुसं मिळाली की म्हातारा परत रेंजवर जाईल. पण ते रिव्हॉल्वर इतक्या जुन्या मापाचं, की त्याची काडतुसं कंपन्या आताशा क्वचितच काढत आणि काढत ती नेहमीच्याच जोराची. दुकानदाराने कॅटलॉग चाळून मान हलवली.

घरी येऊन लेलंडने ही अडचण कुंपणापलीकडच्या डग पिकरिंगला सांगितली. ही पहिली चूक. डग म्हणजे सल्ल्यांची पाणपोई. त्याने स्वतः आयुष्यात काही केलेलं नव्हतं, पण सगळं केलेल्या माणसांशी त्याचं नातं असायचं. डग म्हणाला, त्यात काय, काडतुसं घरीच भरायची. त्याचा मावसभाऊ भरतो. रिकाम्या पितळी पुंगळ्या धुवायच्या, बुडाला नवी टोपी बसवायची, आत बेताची दारू, वर शिशाची गोळी आणि दाबयंत्राचा दांडा खाली. लोणची भरण्याइतकं सोपं. मग मावसभावाच्या गॅरेजला नवं छप्पर का घालावं लागलं, असं लेलंडने विचारलं तेव्हा डगने विषय बदलला.

तळघरात वॉशिंग मशीनशेजारचा कोपरा कोरीनने देऊ केला, पण एका अटीवर. त्याच भिंतीवर तिचं मेणबत्त्यांचं फडताळ होतं. चर्चच्या शरद मेळ्यासाठी ती दरवर्षी सफरचंद-दालचिनीच्या वासाच्या मेणबत्त्या करायची आणि त्या टेबलावर सर्वांत आधी संपायच्या. त्या फडताळाला हात लावायचा नाही, एवढंच तिचं म्हणणं. लेलंडने मनापासून कबूल केलं. माणूस अशा गोष्टी नेहमी मनापासूनच कबूल करतो.

हार्लनना बेत कळला तेव्हा त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, एवढं ते प्रकरण गंभीर होतं. "काडतूस दुकानातून आणावं आणि पाव बेकरीतून," ते म्हणाले. "जो माणूस नळ गळतो म्हणून प्लंबरला बोलावतो त्याने दारूला हात लावू नये."

दारू शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही संसाराला सारखेच घातक. पण पिण्याच्या दारूत निदान माणूस बिघडतोय हे त्याचं त्याला कळत नाही. लेलंडला सगळं कळत होतं. रोज एक खोकं घरी येत होतं. दाबयंत्र आलं, नाजूक तराजू आला, जाडजूड पुस्तक आलं, पुंगळ्या घासायचं यंत्र आलं. या यंत्रात अक्रोडाच्या कवचांचा भुसा घालून पुंगळ्या तासन्‌तास गदगदा हलवायच्या असतात, म्हणजे त्या सोन्यासारख्या लखलखतात. पुंगळ्या लखलखल्याही. पण त्या आवाजाने डगचा कुत्रा दिवसभर भुंकला, आणि झाकण नीट न बसल्यामुळे तो भुसा कोरीनच्या धुतलेल्या चादरींवर असा काही बसला की त्या रात्री दोघंही झाडाखाली झोपल्यासारखी अंग खाजवत होती.

पण खरी गंमत ऑफिसात झाली. घरात बंदुकीची दारू ठेवायची तर विमा कंपनीला कळवावं लागतं. हे वाक्य लेलंडने आजवर इतक्या ग्राहकांना लिहिलं होतं की ते त्याच्या बोटांना पाठ होतं. डगचं मत पडलं की कळवू नकोस, कोण बघतंय? पण बघणारा लेलंड स्वतःच होता. त्याने रीतसर कळवलं, आणि पाहणीसाठी कंपनीने थेल्माला पाठवलं.

थेल्मा वर्षानुवर्षं लेलंडच्या शेजारच्या टेबलावर बसत आलेली. त्याचा स्टेपलर उसना घेऊन परत न देणारी. ती दारात उभी राहिली ती गळ्यात ओळखपत्र अडकवून आणि चेहरा इस्त्री करून.

"नाव?" तिने विचारलं.

"थेल्मा, काल आपण एकत्र जेवलो."

"नाव, प्लीज."

"लेलंड ट्रॉटमन."

"व्यवसाय?"

"तुझ्या शेजारी बसतो."

थेल्माने 'विमा' असं लिहिलं. मग तळघरात उतरून पाणी तापवायच्या बंबापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजलं, दारूसाठी लाकडी पेटी करून घ्यायला सांगितली, भिंतीवर आग विझवायचं नळकांडं लावायला सांगितलं आणि धोक्याची सगळी वाक्यं लेलंडला मोठ्याने वाचून दाखवली. त्यांतली निम्मी लेलंडनेच कधीतरी लिहिलेली होती. एवढं झाल्यावर तिने ओळखपत्र काढून पर्समध्ये टाकलं, "कोरीन, केकचा वास येतोय का गं?" असं विचारलं आणि स्वयंपाकघरात जाऊन तासभर बसली. सोमवारी लेलंडचा हप्ता वाढला. तो वाढल्याचं पत्र नियमाप्रमाणे ज्याच्याकडे तो विभाग होता त्यालाच, म्हणजे लेलंडलाच टाइप करावं लागलं. 'आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत,' असं स्वतःला लिहून त्याने खाली सही केली आणि पत्र स्वतःच्या घरच्या पत्त्यावर टाकलं. दोन दिवसांनी ते उघडताना त्याला खरोखरच राग आला.

शेवटी काडतुसं भरायचा दिवस उजाडला. लेलंडने चष्मा पुसला, पुस्तक उघडलं आणि तराजूपुढे देवापुढे बसावं तसा बसला. पुस्तकात दारूचं जे कमीत कमी प्रमाण छापलं होतं त्याखाली ठळक अक्षरांत बजावलं होतं, की याहून कमी घेऊ नये. पण लेलंडच्या डोळ्यांपुढे सासऱ्यांचं मनगट होतं. जास्त घेऊ नये हे समजू शकतं; कमी घेतल्याने कुणाचं काय बिघडणार? विम्याच्या धंद्यात कमी देऊन आजवर कंपनीचं कधी काही बिघडलं नव्हतं. त्याने थोडी कमी घेतली.

दुसरी अडचण मेणाची. शिशाच्या गोळीच्या खाचेत मेण भरावं लागतं, नाहीतर नळीत शिसं माखतं. दुकानातून मागवलेली मेणाची कांडी आली नव्हती. कोरीन चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेलेली. आणि फडताळावर, हाताच्या अंतरावर, पातेलंभर मेण होतं. लेलंडने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, अंगठ्याएवढा तुकडा खरवडला. मग मऊ आहे, छान बसतंय असं बघून आणखी थोडं घेतलं. मेण ते मेण.

आता रेंज. जोलीन ही धिप्पाड, सतत च्युइंगगम चघळणारी बाई. दोरीला अडकवलेला चष्मा ती फक्त नाही म्हणताना डोळ्यांवर चढवी. लेलंडने काडतुसांची डबी काउंटरवर ठेवताच तिने चष्मा चढवला. घरी भरलेली काडतुसं क्लबच्या कमिटीच्या परवानगीशिवाय चालणार नाहीत. कमिटी म्हणजे कोण? जोलीन आणि आणखी दोघं. मग आत्ताच विचारा की, ते दोघं तिथेच कॉफी पीत बसलेत. नाही, कमिटी महिन्याच्या पहिल्या सोमवारी भरते. आत्ता ती कमिटी नाही, आत्ता ती कॉफी पिणारी माणसं आहेत.

पहिल्या सोमवारी लेलंड केक घेऊन हजर झाला. कमिटीने केक संपवला, मग काडतूस हातोहात फिरवलं. एकाने वजन बघितलं, दुसऱ्याने ते कानाशी नेऊन हलवलं आणि जाणकारासारखं 'हं' म्हटलं. ठराव झाला: आधी लेलंडने स्वतः उडवून दाखवायची, जोलीन मागे उभी राहील, आणि काही झालं तर क्लब जबाबदार नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून लेलंडला आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

पहिल्या चाचणीला हार्लन येणार नव्हते. तसं त्यांनी तीनदा फोन करून कळवलं होतं. लेलंड पोचला तेव्हा काचेमागच्या बाकड्यावर आपल्या जुन्या दोस्तांच्या मधोमध ते बसलेले होते, हातात कॉफी.

लेलंडने कानांवर टोप्या चढवल्या, संरक्षक चष्मा लावला, रिव्हॉल्वरमध्ये एकच काडतूस भरलं, कागदी निशाणाकडे बघून श्वास रोखला आणि चाप ओढला.

फुस्स.

सोड्याची बाटली उघडावी तसा आवाज झाला. निशाणाचा कागद जसाच्या तसा. झटका नाही, धूर नाही, काही नाही. पण लेलंडने पुस्तक वाचलेलं होतं, आणि या क्षणी त्याने जे केलं ते अगदी बिनचूक केलं: परत चाप ओढला नाही, रिव्हॉल्वर समोरच रोखून धरलं आणि हात वर केला. जोलीनने सगळी रेंज थांबवली. गोळी नळीतच अडकली होती. दारू इतकी कमी, की ती अर्ध्या वाटेत दमून बसली. दुसरी गोळी मागून गेली असती तर नळी फुटली असती, असं जोलीन शांतपणे म्हणाली. डगच्या मावसभावाचं नवं छप्पर लेलंडला स्वच्छ दिसलं.

जोलीनने रिव्हॉल्वर रिकामं करून लाकडी दांडी आणि हातोडी आणली आणि ठोकठोक करून गोळी बाहेर काढली. तोवर सगळी मंडळी भोवती जमली होती. उघड्यावर ऑपरेशन चालावं तसं वातावरण. गोळी टेबलावर टपकन पडली तेव्हा हार्लननी ती बोटांत धरून उजेडात बघितली.

"विमेवाल्याची गोळी आहे," ते म्हणाले. "बाहेर पडायच्या आधी सगळ्या अटी वाचत बसली."

असं हसू त्या इमारतीत बोलिंगच्या दिवसांतही उसळलं नसेल. एका म्हाताऱ्याला पाणी द्यावं लागलं. लेलंड हसला, कारण न हसणं त्याहून वाईट दिसलं असतं. पण घरी जाताना त्याने गाडीत रेडिओ लावला नाही. हार्लननी ते वाक्य कोरीनला फोनवर सांगितलं, पाद्रीबाबांना सांगितलं, न्हाव्याला सांगितलं. ऑफिसात थेल्माने विचारलं की अटींची एक प्रत गोळीला पाठवायची का.

लेलंडने दाबयंत्रावर जुनी चादर टाकली. संपलं, म्हणाला. माणसाला काही मान असतो. कोरीन वॉशिंग मशीनमधून कपडे काढत होती.

"या आठवड्यात डॅडनी मला हवामान सांगायला एकदाही फोन केला नाही," ती म्हणाली.

"मग?"

"केला तो तुझ्यावरचा विनोद सांगायला. तीन वेळा. आई गेल्यापासून त्यांना मी असं हसताना ऐकलं नव्हतं, लेलंड." एवढं बोलून ती टोपली घेऊन वर गेली.

लेलंड थोडा वेळ त्या चादरीकडे बघत बसला. आपली फजिती कुणाला तरी औषधासारखी लागू पडतेय हे कळल्यावर माणसाने काय करावं हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही. मग त्याने चादर काढली.

या खेपेला दारू पुस्तकात छापल्याप्रमाणे, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. आणि गोळी पुन्हा अडकू नये म्हणून मेण मात्र सढळ हाताने. पातेल्याचा तळ दिसायला लागला तेव्हा त्याने ते फडताळात जरा मागे सरकवून ठेवलं.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी रेंजचा धूर ओढणाऱ्या दोन पंख्यांपैकी एकाचा पट्टा तुटलेला होता. जोलीन म्हणाली, चार गोळ्यांनी काय होतंय. लेलंडने चाप ओढला. धाड. स्वच्छ, गोल, खणखणीत आवाज, हाताला झटका अगदी मांजरीने ढुशी द्यावी तेवढा आणि कागदाला भोक. त्याने परत ओढला. परत भोक. आयुष्यात पहिल्यांदाच लेलंडला आपण हाताने काहीतरी केलं आणि ते चाललं असा अनुभव येत होता, आणि त्या आनंदात त्याने भराभर सगळी डबी रिकामी केली. आजूबाजूला बघितलं असतं तर बरं झालं असतं.

कारण पातळ, पांढरा, आळशी धूर छताखाली साचत चालला होता. आणि त्या धुराला वास होता. मग कमिटीतल्या एका म्हाताऱ्याने नाक वर करून विचारलं की कुणी ॲपल पाय आणलाय का. दुसरा म्हणाला, त्याची आई अगदी असाच करायची, दालचिनी जरा जास्त. बघता बघता बाकड्यावरच्या सगळ्यांना भूक लागली. धुराने मात्र वासाची वाट न बघता बाहेरची खोली गाठली, आणि छताला बसवलेली धोक्याची घंटा ठणाणा वाजू लागली. ती घंटा थेट अग्निशमन दलाला जोडलेली होती.

गावाचं दल म्हणजे आपापलं काम टाकून धावणारी हौशी माणसं. त्यांचा कप्तान गावचा दातांचा डॉक्टर. तो खुर्चीतल्या रोग्याला भूल देऊन, तोंड तसंच उघडं ठेवायला सांगून आला होता. बंब दारात लागला, चार जण नळी घेऊन आत घुसले आणि धुराचा वास घेऊन सरळ स्वयंपाकघर शोधू लागले. इथे स्वयंपाकघर नाही असं जोलीन ओरडून सांगत होती. कप्तान म्हणत होता, बाई, भट्टीत काहीतरी जळतंय, माझं नाक मला फसवत नाही.

बंबाचं ठाणं चर्चच्या समोरच. कोरीन त्या वेळी चर्चच्या तळघरात मेळ्याची टेबलं मांडत होती. बंब रेंजकडे गेला हे कुणीतरी सांगितलं. त्या इमारतीत तिचा नवराही होता आणि बापही. ती तशीच, ॲप्रन न काढता, धावत आली. दारातून धुरात शिरली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. समोर लेलंड कानांवरच्या टोप्यांसह उभा. त्याच्या मागे हार्लन डोळे पुसत. धुराने की हसून ते कळायला मार्ग नव्हता. कोरीनने दोघांनाही आळीपाळीने हात लावून बघितलं, आहेत. मग ती खोल श्वास घ्यायला थांबली. आणि तो श्वास तिने मध्येच रोखला.

"लेलंड," ती हळूच म्हणाली, "हा माझ्या मेणबत्त्यांचा वास आहे."

अग्निशमन दलाने पायांखालच्या फरशीचं निरीक्षण सुरू केलं. जोलीनने चघळायचं थांबवलं.

"थोडंसंच घेतलं," लेलंड म्हणाला.

"माझं जवळजवळ अख्खं पातेलं गेलंय. मी चर्चमधल्या मार्जरीवर संशय घेतला. आठवडाभर मी त्या बाईशी बोललेले नाही."

हार्लन जावयाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, की या घराण्यात मेणाची चोरी पहिल्यांदाच होतेय. तो हात सांत्वनाचा होता की पकडून ठेवायचा, हे लेलंडला शेवटपर्यंत कळलं नाही.

शिक्षा झाली. लेलंडने मार्जरीकडे जाऊन, तिला काहीच माहीत नसलेल्या संशयाबद्दल माफी मागितली, त्यामुळे तिला तो संशय कळला, आणि मग कोरीनला जाऊन वेगळी माफी मागावी लागली. मेळ्याच्या दिवशी ॲप्रन बांधून सकाळपासून संध्याकाळपर्यंत मेणबत्त्यांच्या टेबलामागे तो उभा होता. येणारा प्रत्येक जण विचारायचा, यांतली रिव्हॉल्वरमध्ये चालेल ती कुठली. डगने तर दोन घेतल्या आणि सल्ला दिला की पुढच्या खेपेला व्हॅनिला करून बघ. संध्याकाळी कोरीनने टेबलाखालून बिनवासाच्या शुद्ध मेणाची एक वडी काढून त्याच्या खिशात घातली. तिचं रागावणं संपलं की ती असंच काहीतरी खिशात घालते.

कमिटी पुन्हा भरली, पुन्हा केक खाल्ला, पंख्याचा पट्टा बदलून झाला. लेलंडने नव्या मेणाची काडतुसं उडवून दाखवली. धूर नाममात्र, वास काहीच नाही. मग त्याने रिव्हॉल्वर खाली ठेवलं आणि बाजूला झाला.

हार्लन उठले. रेंजच्या त्या टोकापर्यंत चालत जायला त्यांनी बराच वेळ घेतला. वाटेत जोलीनशी पट्ट्याबद्दल बोलले, दिव्याबद्दल बोलले. रिव्हॉल्वर उचललं तेव्हा हात थरथरत होता, आणि तो थरथरतोय हे कुणी बघू नये म्हणून काचेमागची सगळी माणसं एकदम कॉफीच्या मशीनकडे वळली. लेलंड तेवढा बघत राहिला. हार्लननी डावा हात उजव्याखाली धरला आणि चाप ओढला.

आवाज झाला. हार्लननी रिव्हॉल्वर खाली केलं आणि आपल्या मनगटाकडे बघितलं, कुणीतरी काही बोलेल म्हणून वाट बघावी तसं. मनगट काही बोललं नाही. मग त्यांनी एकामागून एक उरलेली सगळी काडतुसं उडवली, सावकाश, मध्ये थांबत, चव घेत. निशाणाचा कागद जवळ ओढून बघितला. भोकं थोडी डावीकडे होती, पण एका बशीखाली झाकता येतील इतकी जवळजवळ. लेलंडने उगाचच चष्मा पुसला.

काचेमागे आल्यावर मंडळींनी हार्लनना घेरलं. काडतुसं फारच बेताची दिसतात, झटका अगदीच कमी. कुणी भरली?

"जावयाने," हार्लन खुर्चीत बसत म्हणाले. "हात तसा बरा आहे पोराचा. जरा जड गेलं, पण मी शिकवलं त्याला."

लेलंडने तोंड उघडलं. पाव आणि बेकरी, नळ आणि प्लंबर, अटी वाचणारी गोळी, सगळं एकदम जिभेच्या टोकावर आलं. मग त्याने म्हाताऱ्याचा चेहरा बघितला. त्याने तोंड मिटलं आणि फरशीवरच्या रिकाम्या पुंगळ्या वेचायला वाकला.

वाकलेला असतानाच त्याच्या पाठीवरून बोलणी सुरू झाली. मंडळींतल्या एकाचा खांदा धरलेला असायचा, दुसऱ्याची बोटं सुजायची, तिसऱ्याचं पिस्तूल असंच जुन्या मापाचं. हार्लनच्या जावयाला आमचंही सांगा की. लेलंड उठून उभा राहिला आणि विमेवाल्याच्या आवाजात म्हणाला, की लोकांसाठी काडतुसं करून देणं म्हणजे परवान्याचं काम आहे, तसं करता येणार नाही. जोलीनने चष्मा चढवून दुजोरा दिला. पण ज्याची त्याने स्वतः भरली तर काही आड येत नाही, असं तीच पुढे म्हणाली.

"मग झालं तर," हार्लन म्हणाले. "यंत्र याच्याकडे आहे. दर गुरुवारी इथलं आटोपलं की दुपारी सगळ्यांनी लेलंडकडे यायचं. तळघर मोठं आहे. खुर्च्या आपापल्या आणा. कोरीन चारला येते, ती कॉफी करील."

तिथल्या तिथे ठराव झाला आणि हात वर झाले. लेलंडचा हात वर नव्हता, पण त्याच्या हातात पुंगळ्या होत्या, त्यामुळे तो मोजणीत धरला गेला.

परतताना गाडीत हार्लन उजवं मनगट डाव्या हाताने हळूहळू फिरवून बघत होते. लेलंड मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता: कोरीन, तुला एक गंमत सांगायची आहे. नाही. कोरीन, तू आधी बस. तेही नाही. घराचा कोपरा दिसायला लागला तसा त्याने वेग कमी केला.

हार्लननी त्याच्याकडे बघितलं.

"कोरीनला सांगताना एक लक्षात ठेव," ते म्हणाले. "कल्पना तुझी होती."